कोंड्याचा औषधी शँपू पहिल्यांदा वापरताय? मेडिकलच्या काउंटरवरून थोडं सांगते

मी मेडिकलमध्ये बसते. फार्मसिस्ट आहे, तालुक्याचं गाव, दुकान एसटी स्टँडच्या समोर. पाऊस लागला की आमच्याकडे दोन गोष्टींचा खप वाढतो, नायट्याची मलमं आणि कोंड्याचा औषधी शँपू. आणि दरवर्षी तेच होतं, शँपू नेलेलं गिऱ्हाईक महिनाभराने अर्धी बाटली पिशवीत घालून परत येतं आणि म्हणतं, "ताई, काही फरक नाही बघा याचा, दुसरा द्या." मग मी विचारते, लावता कसा? तर म्हणे, "कसा म्हणजे? शँपू लावतात तसा." म्हणजे तळहातावर घेतला, केसांवर फेस केला, आणि लगेच तांब्या ओतला. झालं. औषध गटारात आणि बुरशी डोक्यात.

तर सगळा घोळ इथेच आहे. बाटलीवर शँपू लिहिलंय म्हणून आपण तो शँपूसारखा वापरतो, पण ते मलम आहे असं समजा, फक्त फेस होणारं मलम. मलम लावून दहा सेकंदांत कोणी पुसतं का? आणि मलम केसांना लावतात का कातडीला? एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे, तरी सगळं नीट क्रमाने लिहिते, कारण काउंटरवर मागे चारजण उभे असताना मला एवढं बोलता येत नाही.

आधी बघा, कोंडाच आहे ना

प्रत्येकाच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची एक बुरशी राहते, यीस्ट म्हणा. नाव पडलं मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञावरून. तुमच्या डोक्यावर आहे, माझ्याही आहे, त्यात घाण वाटण्यासारखं काही नाही. तिला स्वतःसाठी लागणारी स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या डोक्याच्या तेलावर जगते. ते तेल फोडताना जे पदार्थ सुटतात, त्यांनी काहींच्या कातडीला त्रास होतो, मग कातडी भराभर नवी बनते आणि जुनी कपच्यांनी गळते. हाच कोंडा. हलका असला तर पांढरी भुकटी, जास्त झाला तर पिवळट चिकट खपल्या, खाली लाली, खाज, आणि भुवयांत, नाकाच्या बाजूला, कानामागेही तेच. त्याला डॉक्टर सेबोरिक डर्माटायटिस म्हणतात. औषधी शँपू यावर चांगला चालतो.

पण डोक्यातून पांढरं पडणारं सगळंच कोंडा नसतं. उवांच्या लिखा केसाला चिकटून बसतात, झटकून पडत नाहीत, नखाने ओढाव्या लागतात. कोंडा झटकला की खांद्यावर पडतो, काळा शर्ट घालून बघा. सोरायसिसची खपली जाड, चंदेरी असते, केसांची रेष ओलांडून कपाळावर येते, आणि सोबत कोपरावर, गुडघ्यावर तसलेच चट्टे किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर मग शँपू शोधत बसू नका, स्किनच्या डॉक्टरकडे जा. आणि नुसतंच कोरडं डोकं, म्हणजे थंडीत कडक गरम पाण्याने रोज धुऊन धुऊन सुकलेलं, त्याचाही बारीक भुगा पडतो, त्याला बुरशीचं औषध कशाला?

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगते. सहा-सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात कोंडा दिसला तर तो कोंडा समजू नका. डोक्याचं तेल वयात आल्यावर वाढतं, त्यामुळे खरा कोंडा त्या वयात सहसा होत नाही. त्या वयात खपल्या, त्यातून मध्येच केस तुटलेला गोल चट्टा, काळे ठिपके, मानेमागे गाठ, असं असेल तर तो डोक्याचा नायटा असण्याची शक्यता जास्त. काही घरांत याला खवडे म्हणतात आणि राख, हळद, काय काय लावत बसतात. ही बुरशी वेगळी, ती केसाच्या मुळात शिरते, तिथे शँपू पोहोचतच नाही. त्याला पोटातून गोळ्या लागतात, ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन, तेही काही आठवडे, डॉक्टरांनी वजन बघून दिलेल्या. शँपू सोबत देतात तो फक्त दुसऱ्याला लागण कमी व्हावी म्हणून. आणि कधी कधी ते सुजून पू भरलेल्या गळवासारखं होतं, ते गळू समजून फोडू नका, उशीर झाला तर तिथले केस कायमचे जातात. ही लागण पोरापोरांत कंगवा, टोपी यातून फिरते, काही वेळा मांजर-कुत्र्याच्या पिल्लाकडूनही येते. साधा कोंडा मात्र लागण होऊन येत नाही, त्यामुळे नवऱ्याचा कंगवा वापरला म्हणून झाला, असली भांडणं नकोत.

बाटली कुठली

आमच्याकडे सगळ्यात जास्त जातो तो किटोकोनॅझोल २ टक्के. बहुतेक वेळा लालसर-गुलाबी असतो, म्हणून गिऱ्हाईक "ती गुलाबी बाटली" म्हणूनच मागतं. हे औषध बुरशीला तिच्या पेशीचं आवरण बांधू देत नाही, त्यासाठी लागणारा एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थच तयार होऊ देत नाही. दुसरा सेलेनियम सल्फाइड, अडीच टक्क्यांचा, वास जरा गंधकासारखा, आणि तो लावायच्या आधी सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवायचे, नाहीतर काळे पडतात. मंगळसूत्रासकट आंघोळ करणाऱ्या बायकांना मी हे दोनदा सांगते. तिसरा सायक्लोपिरॉक्स, तो कमी दिसतो पण चांगला आहे. मग झिंक पायरिथिऑनवाले, जे किराणा दुकानातही मिळतात, हलक्या कोंड्याला तेही पुरतात. काही बाटल्यांत किटोकोनॅझोल आणि झिंक दोन्ही असतं.

कंपनीच्या नावात अडकू नका. बाटली फिरवा आणि बारीक अक्षरात घटक वाचा, किटोकोनॅझोल किती टक्के ते बघा, बाकी सुगंध, कोरफड, "प्रो", "प्लस" हे सगळं जाहिरातीसाठी. एक टक्का आणि दोन टक्के यात फरक आहे. परदेशात असलेल्यांसाठी सांगते, अमेरिकेत दुकानात सहज मिळतो तो एक टक्क्याचा, दोन टक्क्यांना चिठ्ठी लागते, आणि इंग्लंडमध्ये दोन टक्क्यांचा केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतो. सुट्टीला आलेली पोरं इथून चार-चार बाटल्या नेतात, ते ठीक आहे, पण १०० मिलीच्या वरची बाटली केबिनच्या बॅगेत ठेवली तर एअरपोर्टवर काढून घेतात.

हां, आणि हल्ली गुगल करून एकजण तरी विचारतो की किटोकोनॅझोलने लिव्हर जातं म्हणे? ते गोळ्यांबद्दल आहे. २०१३ साली युरोप आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी किटोकोनॅझोलच्या गोळ्यांवर कडक बंधनं आणली, कारण काहींच्या लिव्हरला इजा झाली होती. डोक्याला लावून धुऊन टाकलेला शँपू रक्तात जवळजवळ जात नाही. प्यायचा नाही, एवढं तर कळतं आपल्याला. तरी दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलांना स्वतःच्या मनाने लावू नका.

आता आंघोळ

आदल्या रात्री डोक्याला तेल लावायचं नाही. हे पहिलं. यावर खाली वेगळं भांडण आहे माझं.

डोकं कोमट पाण्याने पूर्ण ओलं करा, नुसतं वरून नाही, बोटं फिरवून मुळापर्यंत. पाणी कडकडीत नको, त्याने खाज वाढते. डोकं तेलकट असेल, जेल वगैरे लावलेलं असेल, किंवा दिवसभर हेल्मेट घालून घाम मुरलेला असेल तर आधी घरातला साधा शँपू एकदा फिरवून धुऊन टाका. हे लोक टाळतात कारण दोनदा शँपू म्हणजे पाणी जास्त लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात एका बादलीत दोघांच्या आंघोळी होतात हे मला माहितीये, पण तेलाच्या थरावर औषध लावलं तर ते तेलावरच राहतं. एका बादलीतच भागवायचं असेल तर केस कापलेल्या पुरुषांना अवघड नाही, लांब केसवाल्यांनी त्या दिवशी अर्धी बादली जास्त घ्या.

मग औषधी शँपू. छोट्या केसांना एक चमचा, म्हणजे चहाचा, साधारण ५ मिली. लांब दाट केसांना दोन चमचे. तळहातावर ओतून डोक्याच्या वर थापटू नका, तो सगळा केसांवर बसतो. त्यापेक्षा असं करा, डोक्यात बोटांनी भांग पाडा, पुढून मागे, बाटलीचं तोंड बारीक असेल तर थेट त्या भांगात एक रेघ सोडा, मग बोटभर अंतरावर दुसरा भांग, असे चार-पाच. कानामागे आणि मानेच्या वर, जिथे केस संपतात, तिथे विसरू नका, खाज तिथेच जास्त असते आणि बोटं तिथेच कमी जातात. मग बोटांच्या पेरांनी चोळा. नखांनी नाही! खाजवायला बरं वाटतं, पण नखांनी ओरखडे पडले की त्यात चुणचुणतं आणि मग लोक म्हणतात शँपू सूट झाला नाही. फेस कमी आला तर अजून ओतू नका, बोअरच्या जड पाण्यात फेस येतच नाही नीट, औषधाचा आणि फेसाचा संबंध नाही.

आणि आता थांबायचं. तीन ते पाच मिनिटं. सगळ्या लेखातली हीच एक ओळ लक्षात ठेवली तरी चालेल. सेलेनियमवाला दोन-तीन मिनिटं, किटोकोनॅझोल तीन ते पाच, बाटलीवर जे असेल ते. आता बाथरूममध्ये डोक्याला फेस लावून, डोळे मिटून पाच मिनिटं म्हणजे युग वाटतं, मला मान्य आहे. फोन आत नेता येत नाही, घड्याळ दिसत नाही, बाहेरून कोणीतरी दार वाजवत असतं. मी काय करते सांगू, शँपू लावला की केस वर बांधते, अंगाला साबण लावते, आणि मग वज्री घेऊन दोन्ही टाचा नीट घासते. दोन्ही टाचा मन लावून घासून झाल्या की वेळ झालेला असतो. एका आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझ्या टाचा आता दगडापेक्षा गुळगुळीत झाल्या, पण कोंडाही गेला.

भुवया, दाढी, नाकाच्या कडा इथेही खपल्या येत असतील तर थांबण्याच्या वेळात तोच फेस बोटावर घेऊन तिथे लावा, डोळे घट्ट मिटून. डोळ्यात गेलाच तर साध्या पाण्याने भरपूर धुवा, चरचरेल, थांबेल. धुताना मान मागे करून पाणी ओता म्हणजे चेहऱ्यावर येणार नाही. सगळा चिकटपणा जाईपर्यंत धुवा. कंडिशनर लावायचा असेल तर कानाच्या खाली, केसांच्या लांबीला, मुळाला नाही. आणि ओले केस घट्ट बांधून त्यावर हेल्मेट चढवून निघू नका, पावसाळ्यात हे नको म्हटलं तरी होतं, निदान गाडीवर बसायच्या आधी पंख्याखाली दहा मिनिटं उभं राहा.

कधी कधी, किती दिवस

आठवड्यातून दोनदा, दोन वारांत तीन-चार दिवसांचं अंतर, म्हणजे बुधवार-रविवार. असं दोन ते चार आठवडे. मधल्या दिवसांत साधा शँपू चालतो. रोज लावला तर लवकर जाईल असं नाही, डोकं कोरडं पडून उलट भुगा वाढतो आणि मग तुम्ही अजून लावता.

हिशोब करून बघा, दोन चमचे म्हणजे १० मिली, १०० मिलीच्या बाटलीत दहा आंघोळी, आठवड्याला दोन म्हणजे पाच आठवडे. छोट्या केसांची बाटली दहा आठवडे जाते. कोणी मला सांगितलं की एका बाटलीत सहा महिने झाले, तर मला कळतं की नखभरच लावत होते. आणि दहा दिवसांत संपली म्हणाले की घरातल्या सगळ्यांनी हात मारलाय.

खाज आधी कमी होते, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. खपल्या त्यानंतर. लाली सगळ्यात शेवटी. खाज थांबली की लोक बाटली कपाटात टाकतात, आणि दीड महिन्याने परत सुरू. चार आठवडे पूर्ण करा आणि मग आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा लावत राहा. हे न आवडणारं बोलणं आहे, पण कोंडा मुळासकट जात नाही, बुरशी डोक्यावर राहणारच आहे, आपण फक्त तिला जास्त वाढू देत नाही. थंडीत, परीक्षेच्या दिवसांत, जागरणं झाली की तो डोकं वर काढतो. तेव्हा परत आठवड्यातून दोनदा.

चार आठवडे वर सांगितल्यासारखं नीट करूनही फरक नसेल तर डॉक्टर. दुसरी बाटली मागायला माझ्याकडे येऊ नका. मी विकीन, धंदा आहे, पण तुमचे पैसे जातील.

तेलाचं भांडण

आपल्याकडे डोकं खाजलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, डोकं कोरडं पडलंय, तेल घाल. मग रात्री खोबरेल तेलाची चंपी, उशीवर टॉवेल, सकाळी आंघोळ. तेल लावल्यावर कोंडा दिसत नाही, कारण खपल्या ओल्या होऊन डोक्याला चिकटतात, म्हणून वाटतं बरं झालं. पण वर सांगितलं ना, ती बुरशी तेलावर जगते, रात्रभर आपण तिला जेवण वाढून ठेवतो. माझ्या सासूबाईंना हे पटवायला दोन वर्षं लागली. त्या म्हणायच्या, आमच्या वेळी हे कुठले शँपू होते, आम्ही शिकेकाईने डोकी धुतली आणि ढीगभर तेल घातलं. बरोबर आहे, ज्यांना कोंड्याचा त्रास नाही त्यांनी घालावं की, मीही केसांच्या टोकाला घालते. ज्यांना आहे त्यांनी मुळाला रात्रभर ठेवू नये, एवढंच म्हणणं आहे.

एका ठिकाणी तेल उपयोगी पडतं. खपली फार जाड, घट्ट बसलेली असेल तर आंघोळीच्या तासभर आधी थोडं तेल फक्त त्या खपलीवर लावून ती मऊ करायची, मग साध्या शँपूने तेल पूर्ण काढायचं, मग औषधी. खूपच जाड असेल तर डॉक्टर सॅलिसिलिक ॲसिडवालं काहीतरी देतात खपली सुटायला, ते जास्त नीट काम करतं.

लिंबू, दही, कांद्याचा रस, खाण्याचा सोडा याबद्दल रोज कोणीतरी विचारतं. लाल झालेल्या कातडीवर लिंबू म्हणजे जखमेवर लिंबू. दही लावून बसल्याने थंड वाटेल, नंतर वास येईल. सोड्याने केस राठ होतात. कोणाला काही फायदा झाला असेल तर मी भांडत नाही, पण शँपूसोबत हे सगळं एकदम करू नका, मग कशाने आग झाली हेच कळत नाही.

ही मलमाची गोष्ट माझ्याच घरातली आहे

माझ्या दिराला कपाळाच्या वर आणि कानामागे लाल चट्टे. त्याने कुठल्यातरी दुकानातून, माझ्या नाही, मित्राने सांगितलेलं मलम आणलं, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड तिन्ही एकत्र असतं. तीन दिवसांत लाली गेली, खाज गेली, तो खूश. बंद केलं की दुप्पट. परत लावलं. असं सात-आठ महिने, मला कळू न देता, वहिनी ओरडेल म्हणून. शेवटी कानामागची कातडी इतकी पातळ झाली की खालच्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. स्टिरॉइड सूज दाबतं, बुरशी तशीच राहते, आणि रोज लावलं तर कातडी झिजते. ट्यूबवर बेटामेथाझोन, क्लोबेटासॉल, बेक्लोमेथाझोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे, आणि आपल्याकडे चिठ्ठीशिवाय ते सर्रास विकलं जातं ही आमच्याच धंद्याची लाज आहे.

डॉक्टरांनी स्टिरॉइडचं लोशन थोड्या दिवसांसाठी दिलं असेल तर त्याला घाबरू नका, खाज फार असेल तर सुरुवातीला ते लागतं. पण बरेच महिने लावत असाल तर शँपू सुरू केला म्हणून ते एका दिवसात बंद करू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत आणायचं असतं, कसं ते डॉक्टर सांगतील. दिराचंही तसंच केलं, एकीकडे शँपू, एकीकडे लोशन एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. मधले पंधरा दिवस त्याचे वाईट गेले, खरं सांगते.

त्रास काय होऊ शकतो

थोडं कोरडेपण, केस जरा राठ, लावल्यावर किंचित चुणचुण, हे चालतं. केस रंगवलेले असतील, मेंदी लावलेली असेल, केस पांढरे असतील किंवा पार्लरमध्ये केमिकल ट्रीटमेंट केली असेल तर रंगात किंवा केसांच्या वळणात फरक पडू शकतो, लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा लावून बघू नका. पहिल्या आठवड्यात धुताना चार केस जास्त गळतात म्हणून काहीजण घाबरून थांबतात. जाड खपली सुटताना तिच्यासोबत सैल झालेले केस येतात. मात्र मूठमूठ केस यायला लागले, डोक्यावर पुळ्या उठल्या, चेहरा-पापण्या सुजल्या, आग थांबतच नाही, तर भरपूर पाण्याने धुवा, बंद करा आणि दाखवा.

याने केस उगवतात म्हणून कोणी नेत असेल तर ते बाटलीवर कुठेही लिहिलेलं नाही. टक्कल पडत चाललंय त्याचं औषध वेगळं. आणि गोल गुळगुळीत चट्टा, खपली नाही, खाज नाही, नुसते केस गेलेत, म्हणजे चाई, तिचा बुरशीशी संबंधच नाही.

अंगावरच्या शिब्यांसाठी

हीच बाटली लोक छातीवर, पाठीवर आलेल्या पांढुरक्या शिब्यांसाठीही नेतात, आणि ते बरोबर आहे, तीही मॅलासेझियाच. पण पद्धत वेगळी. तिथे रोज एकदा, अंग ओलं करून चट्ट्यांवर आणि त्यांच्या आजूबाजूला फेस लावायचा, पाच मिनिटं ठेवायचा, धुवायचा, जास्तीत जास्त पाच दिवस. मग बंद. पाच दिवसांनी बुरशी मरते पण पांढरे डाग तसेच दिसतात, रंग परत यायला काही महिने लागतात, आणि लोक डाग गेले नाहीत म्हणून महिनाभर घासत राहतात. डागावर नखाने हलकं ओरखडून बघा, भुकटी निघत नसेल तर बहुतेक काम झालेलं आहे, आता फक्त वाट बघायची. दरवर्षी उन्हाळ्यात परत येत असतील तर उन्हाळा लागायच्या आधीच तीन दिवस लावून ठेवा असं डॉक्टर सांगतात.

बाटली घरी नेली की पहिलं काम, पेनने तिच्यावर उघडल्याची तारीख टाका, आणि झाकण घट्ट लावून न्हाणीच्या खिडकीत उन्हात न ठेवता आत ठेवा. परवा एकजण आले, बाटलीवर त्यांच्या बायकोने तारखेखाली छोट्या अक्षरात रेघा ओढल्या होत्या, प्रत्येक आंघोळीची एक, सात झाल्या होत्या. म्हणाले, आठवी उद्या, मग आठवड्यातून एकदा ना?